नोव्हेंबरमध्ये जन्मलेली मुलगी, पहिलीचा प्रवेश आणि शाळेची निवड : अनुभव हवे आहेत

धायरीकर

नमस्कार मंडळी,

आमच्या मुलीचा जन्म नोव्हेंबर २०२० मधील आहे. राज्याच्या नियमानुसार पहिलीत प्रवेश घेणाऱ्या मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे जून २०२६ मध्ये ती नियमात बसते. प्रत्यक्षात मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी तिचे वय पाच वर्षे सात महिने असेल आणि तिच्या बाकावर शेजारी जानेवारीत जन्मलेले, तिच्याहून दहा महिन्यांनी मोठे मूल बसलेले असेल. तिला यंदाच पाठवावे की एक वर्ष थांबावे, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न शाळेचा. घरापासून चालत नऊ मिनिटांवर एक अनुदानित मराठी शाळा आहे. तेथे पहिलीपासून सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित इंग्रजीतून आणि बाकी सारे मराठीतून. इमारत जुनी आहे, वर्गात बेचाळीस मुले आहेत. दुसरी शाळा पुण्याच्या दुसऱ्या टोकाला बावधनच्या बाजूला, केंद्रीय मंडळाची (सीबीएसई). मैदान, वाचनालय, सारे काही उत्तम. परंतु बसला सकाळी पन्नास मिनिटे लागतात आणि धायरी फाट्यावर अडकली तर किती, ते विचारू नये. प्राथमिकचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले, हे खरे; पण शाळा नऊला असली तरी मुलीला आठला रस्त्यावर उभे राहायचेच आहे.

तिच्या सध्याच्या बालवर्गातील एक प्रसंग सांगते, कारण माझ्या मनाची ओढाताण तेथूनच सुरू झाली. गेल्या वर्षी, लहान गटात असताना, सलग तीन दिवस तिचा डबा जसाच्या तसा परत आला. गूळपोळीचे तुकडे तिला फार आवडतात, तेही तसेच. मी चिडले, सासूबाईंनी दृष्ट काढली, आणि चौथ्या दिवशी तिने स्वतःच सांगितले की नव्या डब्याचे झाकण तिला उघडत नव्हते. ‘मग टीचरना का नाही सांगितलंस?’ असे विचारल्यावर म्हणाली, ‘झाकणाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं.’ त्या वर्गात मराठी बोलले की टोकतात, हे मला तेव्हा कळले.

बावधनच्या शाळेत आम्ही चौकशीला गेलो, तेव्हा ‘संवाद’ या नावाखाली तिला एका खोलीत नेऊन प्रश्न विचारण्यात आले. आवडते फळ कोणते, यावर तिने ‘सीताफळ’ सांगून बिया गिळायच्या नसतात, ही माहितीही उत्साहाने पुरवली. समोरच्या बाईंनी हसून ‘इन इंग्लिश?’ असे विचारले आणि ती गप्प झाली. नंतर आमचे शिक्षण आणि पगार विचारून झाला.

माझे पती केंद्रीय मंडळाच्या बाजूचे आहेत, कारण त्यांची दोन-तीन वर्षांत हैदराबादला बदली होण्याची शक्यता आहे. त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. ज्यांनी हा निर्णय अलीकडे घेतला आहे त्यांनी, आणि शिक्षकांनी तर अवश्य, लिहावे. शिवाय जूनपर्यंतच्या पाच महिन्यांत तिची तयारी म्हणून घरी नेमके काय करावे, हेही हवे आहे.

---

खडू-फळा

धायरीकरताई, मी अकोले तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत सोळा वर्षे पहिलीचा वर्ग शिकवत आहे, त्यामुळे शहरातील प्रवेशाच्या धावपळीचा मला अनुभव नाही. पहिलीच्या वर्गातील पाच-साडेपाच वर्षांच्या मुलांचा मात्र बराच आहे.

३१ डिसेंबर ही तारीख किमान वयाची आहे. त्या तारखेला सहा पूर्ण झाली म्हणून मुलाला त्याच जूनमध्ये पाठवलेच पाहिजे, असा तिचा अर्थ नाही. पण पालक तो तसाच घेतात. दहा महिन्यांचा फरक मोठ्यांना काहीच वाटत नाही. तुमच्या मुलीच्या बाबतीत तो तिच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ सहावा भाग आहे. माझ्या वर्गातील नोव्हेंबर-डिसेंबरची मुले हुशारीत कोठेही कमी नसतात. ती थकतात. साडेअकरापर्यंत छान चालते, त्यानंतर डोके बाकावर टेकते, आणि नेमक्या त्याच वेळी मी फळ्यावर काही लिहीत असतो. तिसरी-चौथीपर्यंत हा फरक बहुतेकांचा भरून निघतो, परंतु मधल्या दोन वर्षांत ‘मला येत नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडी बसते, त्याच्या तोंडून ते काढायला मला फार कष्ट पडतात.

२०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाचे शाळापूर्व तयारी अभियान चालते. एप्रिल आणि जूनमध्ये शाळेत मेळावा भरतो, मुलाचे नाव नोंदवले जाते आणि ते शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी अशा एकेका टेबलावरून पुढे जाते. रेषेवरून चालणे, उडी मारणे, चित्र पाहून बोलणे, कमी-जास्त ओळखणे, असे साधे खेळ असतात आणि शेवटी आईच्या हातात विकास पत्र पडते. ते पत्र गुणपत्रिकेसारखे वाचायचे नसते, ही विनंती मी दरवर्षी करतो आणि दरवर्षी कोणीतरी ‘पहिला कोण आला?’ असे विचारतेच. तुमच्या जवळच्या महापालिका शाळेत चौकशी करा. मुलगी तिथे जाणार नसली तरी ते टेबल एकदा पाहून या.

मी स्वतः मेळाव्यात काय पाहतो, ते सांगतो. मूल आपल्या हाताने चड्डी खाली-वर करू शकते का. नळ बंद करते का. अनोळखी माणसाला ‘मला पाणी हवंय’ एवढे सांगू शकते का. दुसऱ्या मुलाने खडू ओढून घेतला तर रडणे आणि मारणे यांखेरीज त्याच्याकडे तिसरे काही आहे का. ही चार असली की अक्षरे मी शिकवतो, ते माझे काम आहे. उलट घरी दामटून अक्षरे गिरवून घेतलेली मुले पेन्सिल मुठीत धरून येतात, अक्षराचे वळण खालून वर नेतात आणि ते मोडण्यात माझे दोन महिने जातात.

तेव्हा या पाच महिन्यांत हातात पेन्सिल कमी द्या. बाजारात मटार आहे, तो तिला सोलू द्या. कणकेचा गोळा द्या, लसूण द्या, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावू द्या. बोटांच्या चिमटीत जोर आला की पेन्सिल आपोआप बसते. रोज रात्री एक गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून ऐका. ती मधला प्रसंग गाळते की शेवट बदलते, यावरून पुष्कळ कळते.

शाळा पाहायला जाल तेव्हा कार्यालयात बसून परत येऊ नका. मधल्या सुट्टीच्या वेळी जा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का आणि कडी पाच वर्षांच्या मुलीच्या हाताला लागते का, हे स्वतः पाहा. येत्या जूनमध्ये पहिली कोणत्या बाई घेणार आहेत, ते विचारा आणि शक्य असल्यास त्यांच्या वर्गाबाहेर दहा मिनिटे उभ्या राहा. आत बाईंचाच आवाज येतो, की मुलांचाही? पहिलीच्या वर्षी मुलाला मंडळ भेटत नाही, त्या बाई भेटतात. (त्या बाईंना वर्षभर मतदार याद्यांच्या कामाला लावले नाही तर, एवढे मात्र गृहीत धरून म्हणतो.)

---

बदलीवाला

माझे मत थोडे वेगळे आहे. माझ्या नोकरीमुळे आम्ही नागपूर, वडोदरा, चेन्नई आणि पुणे असा प्रवास केला असून मोठ्या मुलाच्या चार शाळा झाल्या. केंद्रीय मंडळ नसते तर चेन्नईत त्याची अवस्था कठीण झाली असती. आपल्याकडे मंडळाचा प्रश्न प्रतिष्ठेचा समजून हसण्यावारी नेला जातो, परंतु बदलीच्या नोकरीत तो शुद्ध सोयीचा असतो. फक्त बदलीची ‘शक्यता’ आणि बदलीचा ‘आदेश’ यांत फरक करा. पहिली-दुसरीतून मंडळ बदलणे अवघड नसते. आमचा धाकटा दुसरीत राज्य मंडळातून आला आणि दिवाळीपर्यंत रुळला. सहावी-सातवीनंतर हे जड जाते.

केंद्रीय विद्यालयाचा विचार करत असाल तर तेथे सहा वर्षांचा हिशेब ३१ मार्च या तारखेला होतो, त्यामुळे यंदा तुमची मुलगी तेथे बसणारच नाही.

आणि एक सावधगिरी. फलकावर ‘सीबीएसई पॅटर्न’ असे लिहिणाऱ्या शाळा गल्लोगल्ली झाल्या आहेत. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागून घ्या आणि मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांकही, म्हणजे सरकारी नोंदीतील शाळेचा क्रमांक, विचारा. जी शाळा हा क्रमांक सांगताना ‘काम चालू आहे’ म्हणते, तेथून सरळ घरी यावे. आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाने असे केले नाही, आणि तिसरीनंतर दाखला हातात घेऊन त्यांना शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात हेलपाटे घालावे लागले.

---

सोडतीतला बाप

आपण वर्णन केलेला ‘संवाद’ पहिलीच्या प्रवेशासाठी होता ना? मग तो बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजार आणि त्यापुढील प्रत्येक वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार करा असे म्हणत नाही, कारण ज्या दारातून मुलीला आत न्यायचे आहे तेथेच तक्रार कोण करणार, हे मी जाणतो. आपल्याला कायदा माहीत आहे, हे मात्र समोरच्याला कळू द्यावे.

माझा मुलगा नाशिकमध्ये याच कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांच्या सोडतीतून खासगी इंग्रजी शाळेत गेला. ज्यांचे उत्पन्न एक लाखाच्या आत आहे किंवा जे वंचित घटकांत मोडतात, त्यांनी कागद आत्ताच जमवावेत. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असावा लागतो आणि तो अर्ज भरण्याच्या आधीचा असावा लागतो. माझ्यासमोर पडताळणीच्या टेबलावर एका बाईंचा नंबर लागलेला असूनही केवळ नोटरीच्या करारामुळे प्रवेश गेला. त्या तिथेच जिन्यावर बसून राहिल्या होत्या. नकाशावर घराची खूण नीट लावा, कारण एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. दहा शाळांपर्यंत पसंती देता येते.

२०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, तोवर पालकांचे तीन-चार महिने गेले होते.

वयाबद्दल एक दिलासा. गेल्या वर्षीच्या सोडतीत पहिलीसाठी कमाल वय ३१ डिसेंबरला सात वर्षे पाच महिने तीस दिवस असे होते. म्हणजे नोव्हेंबरचे मूल एक वर्ष थांबले तरी ते सोडतीबाहेर पडत नाही.

फी माफ असली तरी आमच्या शाळेने गणवेश, वह्या आणि सहलीचे पैसे घेतले, हे आधी कोणी सांगितले नव्हते.

---

निवृत्त गणितबाई

सेमी-इंग्रजीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी एकतीस वर्षे प्राथमिकला गणित शिकवले, त्यातील शेवटची अकरा सेमीच्या तुकडीला.

लहान मुलाला मराठी संख्यावाचन खरोखर अवघड जाते. सत्तावीस म्हणताना तोंडात आधी सात येतो आणि मग वीस, पण लिहिताना दोन आधी लिहायचा. म्हणून ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि ती मठ्ठ नसतात, ती कानाशी प्रामाणिक असतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ असेही वाचन सुचवले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेपर्यंत विनोद झाले. मंगला नारळीकरांनी, ज्या त्या विषय समितीच्या प्रमुख होत्या, परोपरीने समजावून सांगितले की जुने शब्द काढलेले नाहीत, चाचपडणाऱ्या मुलासाठी एक पायरी वाढवली आहे. ऐकायचेच नव्हते, त्यांनी ऐकले नाही.

इंग्रजीतून हा घोळ विसाच्या पुढे होत नाही, हा सेमीचा खरा फायदा. तोटा दुसऱ्या टोकाला आहे. शाब्दिक उदाहरण आले की मूल अडते, कारण ‘उरले किती’, ‘वाटून आले किती’, ‘कितीने जास्त’ हे अर्थ त्याला घरच्या भाषेत कळतात आणि पुस्तकातील वाक्य परके असते. अशा वेळी चांगली शिक्षिका उदाहरण आधी मराठीत गोष्टीसारखे सांगते आणि नंतर इंग्रजीत मांडते. धायरीकरताई, शाळेत विचारायचा प्रश्न हाच : गणिताच्या तासाला वर्गात मराठी बोललेले चालते का? चालत असेल तर डोळे मिटून सेमी घ्या. चालत नसेल तर ते सेमी नव्हे, डब्याच्या झाकणाची गोष्टच पुन्हा एकदा.

शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या डोंगरात वारली मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली होती, मुलाच्या भाषेपासून सुरुवात करून. आपल्याच राज्यात हे झालेले आहे, पण प्रवेशाचे फॉर्म भरताना ते आपल्या लक्षात राहत नाही.

---

इसार किनारी

मी म्युनिकमध्ये राहते, त्यामुळे शाळेबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही, वयाबद्दल आहे. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे तेथे, जी मुले १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात सहा वर्षांची होतात, त्यांनी त्याच वर्षी पहिलीत जावे की पुढच्या, याचा निर्णय पालकांवर सोडलेला आहे. शाळा सल्ला देते, आरोग्य विभागाकडून तपासणी होते, पण शेवटचा शब्द आई-वडिलांचा. माझा मुलगा ऑगस्टचा. आम्ही एक वर्ष थांबलो. माझ्या आईने सांगलीहून फोनवर ‘वर्ष वाया घालवलंस’ असे रीतसर सुनावले. इथल्या बालवाडीच्या बाईंना मात्र त्यात विशेष काही वाटले नाही, कारण वर्गातील आणखी चार मुले थांबली होती.

येथील एक प्रथा मला फार आवडली. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत पालक मुलाला घेऊन शाळेचा रस्ता चालतात, एकदा नव्हे, अनेकदा. कोठे थांबायचे, कोणत्या बाजूने वळायचे, हे मूल सांगते आणि पालक मागून चालतात. नऊ मिनिटांची शाळा असेल तर तुम्हालाही हे करता येईल. पन्नास मिनिटांच्या बसचा रस्ता मुलीला कधीच आपला वाटणार नाही.

---

चष्मेवाली

नेत्रतपासनीस आहे, म्हणून एवढेच : शाळेपूर्वी दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. एक डोळा कमजोर असला तरी दुसऱ्याने काम भागते, त्यामुळे मूल तक्रार करत नाही आणि ‘आळशी डोळा’ कोणाच्या लक्षात येत नाही. सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर चांगला उपयोग होतो, पुढे तो कमी होत जातो. ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून आमच्याकडे तिसरीत आलेली कितीतरी मुले फळाच पाहू शकत नव्हती. पाच वर्षांचे लसीचे डोस राहिले असतील तर तेही उरकून घ्या.

---

बदलीवाला

गणितबाईंचे सर्व मान्य, पण वर्गात बेचाळीस मुले आहेत हे आपण विसरतो आहोत. कायद्यानुसार प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. बेचाळिसांत कोणत्या बाई कोणाचे मराठी ऐकणार?

---

खडू-फळा

रास्त प्रश्न आहे. बेचाळीस जास्तच आहेत. माझ्या वर्गात एकोणीस आहेत, पण दुसरीही माझ्याकडेच आहे, म्हणजे हिशेब तिथेच येतो. बेचाळिसांचा वर्ग चांगला चालवणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत आणि पंधरांचा वर्ग हाताबाहेर गेलेलाही पाहिला आहे. म्हणूनच म्हणतो की बाहेर दहा मिनिटे उभ्या राहा.

---

धायरीकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी जाऊन पाहायचे होते.

जवळच्या शाळेत मधल्या सुट्टीत गेले. स्वच्छतागृहात पाणी होते. कडी उंच होती, पण तिला सुतळी बांधून ती खाली सोडलेली होती. कोणी बांधली असे विचारले तर शिपाईमावशी म्हणाल्या, ‘पहिलीच्या बाईंनी.’ त्या बाईंच्या वर्गाबाहेर उभी राहिले. गणिताचा तास होता. एक मुलगा उठून म्हणाला, ‘बाई, माझ्याकडे टेन आहेत आणि ह्याने दोन घेतले.’ बाई म्हणाल्या, ‘मग उरले किती? इंग्लिशमध्ये सांग, नाहीतर मराठीत सांग, पण बरोबर सांग.’ गणितबाई, तुमचा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. मुले बेचाळीस होती हे खरे, आणि गोंगाटही होता. मागच्या तीन बाकांवर काय चालले होते हे बाईंना दिसत नव्हते, तेही पाहिले.

बावधनच्या शाळेत पहिलीचा वर्ग पाहू द्याल का, असे विचारले. सुरक्षेच्या कारणास्तव ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले आणि एक चित्रफीत पाठवण्यात आली. गेल्या काही वर्षांची फीवाढ किती होती आणि पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने तिला मान्यता दिली होती का, हे पतींनी विचारले. २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात ती समिती आहे, हे त्यांनी वाचले होते. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. तिथपासून ते थोडे नरमले आहेत.

आमचा निर्णय असा झाला : शाळा जवळची, पण पहिली जून २०२७ मध्ये. त्याच आवारात त्यांचा मोठा गट आहे, तेथे ती येते वर्ष काढेल. मुख्याध्यापिकांनी जन्मतारीख पाहून स्वतःच तसे सुचवले. हैदराबादचा आदेश निघालाच तर तेव्हा पाहू.

आता नवीच अडचण उभी राहिली आहे. तिच्या आत्ताच्या वर्गातील दोन मैत्रिणी पहिलीत जाणार, हे तिला कळले आहे. परवा आंघोळ घालताना तिने शांतपणे विचारले, ‘आई, मी नापास झाले का?’ हा शब्द तिला कोठून मिळाला, कळत नाही. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले.

---

खडू-फळा

तो शब्द तिला आपल्यापैकीच कोणाकडून तरी मिळाला आहे. फोनवर नातेवाइकांशी बोलताना आपण जपून बोलत नाही. ‘पुन्हा मोठा गट’ असे घरात म्हणू नका. ती नव्या शाळेत चालली आहे, तेथे दप्तर नवे, बाई नव्या, रस्ता नवा. इसारताईंनी सांगितल्याप्रमाणे मे महिन्यात तो रस्ता तिला दाखवायला लावा, तुम्ही मागे चाला. आणि थातूरमातूर उत्तर दिले असेल तर खरे उत्तर अजून देता येईल. ‘तुझा वाढदिवस दिवाळीनंतर येतो, म्हणून तुझी पहिली पुढच्या वर्षी,’ एवढे तिला पुरेसे आहे. मुले तारखेवर विश्वास ठेवतात.

---

इसार किनारी

माझ्या मुलाने हाच प्रश्न विचारला नव्हता, पण पहिलीत गेल्यावर ‘मी सगळ्यांत उंच आहे’ असे तो महिनाभर सांगत होता. थांबण्याचा तेवढा लाभ त्याला दिसला.

---

धायरीकर

तारखेचे उत्तर देऊन पाहिले. तिने बोटांवर महिने मोजले आणि ‘मग मैत्रिणीचा वाढदिवस आधी का येतो?’ असा पुढचा प्रश्न काढला, पण ‘नापास’ हा शब्द त्यानंतर आलेला नाही.

एक शेवटचे, फार किरकोळ. नव्या शाळेसाठी डबा घ्यायचा आहे. दुकानात सगळे चार बाजूंच्या खटक्यांचे किंवा घट्ट रबरी झाकणाचेच दाखवतात. पाच वर्षांच्या हाताला उघडेल आणि दप्तरात सांडणार नाही, असा कोणी वापरला आहे का?

---

निवृत्त गणितबाई

स्टीलचा, बसके झाकण असलेला साधा गोल डबा घ्या, भांड्यांच्या दुकानात मिळेल. भाजी कोरडी द्या, म्हणजे सांडण्याचा प्रश्न नाही. पहिले आठ दिवस झाकणाच्या आतल्या कडेवरून तेलाचे बोट फिरवा, आणि दुकानातच तो तिच्याकडून तीनदा उघडून घ्या, घरी आल्यावर नव्हे.